भिंगरीला येणारे शब्द

भिंगरी आमच्याकडे येण्याआधी दोन घरांतून परत आली होती. पहिल्या घरी तिनं सोफ्याच्या पोटातला सगळा फोम काढून खोलीभर पसरला. दुसऱ्या घरातले आजोबा तिला फिरायला घेऊन गेले, तर एका मांजरामागे तिनं त्यांना असं ओढलं की ते कुंपणाच्या जाळीला चिकटलेले सापडले. दोन्ही घरची माणसं चांगलीच होती. आजोबा तर परत करायला आले तेव्हा तिचं खेळणंसुद्धा धुऊन घेऊन आले होते.

"काकू, आता तिसरं घर म्हणजे शेवटचं," शेल्टरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "तीनदा परत आलेलं कुत्रं आम्ही पुन्हा कोणाच्या घरी देत नाही. नियमच आहे. मग मागची ओळ."

मागची ओळ मी पाहिलेली होती. तिथं कोणी मारत-बिरत नाही. दोन वेळा खायला मिळतं, आठवड्याला आंघोळ होते. फक्त कुत्रं बघायला आलेली माणसं तिकडे वळत नाहीत. तिथल्या एका काळ्या कुत्र्याला नऊ वर्षं झाली होती, आणि ते आता दार वाजलं तरी मान वर करत नसे. भिंगरी दहा महिन्यांची होती.

"सहा आठवडे ठेवा तुमच्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसांत राहण्यापुरत्या चार गोष्टी शिकवा. घर मी शोधते."

मी काही कुत्र्यांची शिक्षिका नाही. मी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, आणि मुख्य म्हणजे लोकांचा स्वतःच्या पोटाबद्दलचा अंदाज चुकला की त्यांच्या पँटी सैल करून देते. शिवणसुद्धा कोणाकडे शिकले नाही, जुने कपडे उसवून, कसे जोडलेत ते बघत शिकले. शेल्टरशी माझं नातं चिंध्यांचं. उरल्यासुरल्या कापडाच्या गाद्या शिवून तिथं देत असे. मग एकदा एक भित्रं कुत्रं चार दिवसांसाठी घरी आणलं, ते महिनाभर राहिलं आणि माणसाळून गेलं. पुढे एक सतत भुंकणारं आणलं, तेही सुधारलं. मग काय, गल्लीत एकाला सुईत दोरा ओवता येतो म्हटल्यावर सगळी गल्ली चष्मा घरी विसरते.

अडचण होती ती ह्यांच्या दम्याची. आमच्या ह्यांना कुत्री आवडतात, पण छातीला ते मान्य नाही.

"सहा आठवडे म्हणजे सहा," हे म्हणाले. "सातव्या आठवड्यात ती तरी राहील, नाहीतर मी."

"तुम्ही निदान सोफा खात नाही," मी म्हटलं. "तुमचं नाव यादीत वर आहे."

"किती वर?"

"बघू. अजून ती यायची आहे."

ती आली. लांब पायांची, तपकिरी, पुढचा एक पाय चुन्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा. दारातून आत शिरली ती थेट स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारापर्यंत, तिथून परत, आणि वळताना टेबलाचा पाय घेऊनच. नाव शेल्टरमध्ये कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला डोळे होते.

पहिल्या आठवड्यात तिनं माझी दीडशे सेंटिमीटरची टेप एकशे बाराची केली. एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा डावा पाय उजव्याहून आखूड केला. आणि शेवटी टाचण्या खोचायची माझी भुसा भरलेली उशी फाडली. सुदैवानं त्या वेळी तिच्यात टाचणी नव्हती. मी मात्र जमिनीवर बसून अर्धा तास लोहचुंबक फिरवला.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," हे तोंडाला पंप लावता लावता म्हणाले.

"शेपूट राहू दे वाकडं. मला बाकीचं कुत्रं सरळ करायचंय."

माझी कामाची खोली रस्त्याकडची. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. टेबलाखाली मी तिच्यासाठी जाड गादी टाकली. पहिला धडा हाच ठरवला की मशीन चालू असताना तिनं गादीवर राहायचं. ही शिस्तीची हौस नव्हती. शिवणाऱ्या बाईच्या जमिनीवर काय काय पडलेलं असतं ते कुत्र्याच्या पोटात जाऊन चालत नाही. उशी गेल्यापासून टाचण्या मी ओठांतच धरत होते. सवय जुनीच, आता पूर्णवेळ झाली एवढंच.

एप्रनच्या खिशात खाऊचे दाणे ठेवले. ती गादीवर गेली की दाणा. बसून राहिली की दाणा. अंगावर उडी मारली की मी तिच्याकडे पाठ करून उभी, जणू घरात कुत्रं नाहीच. सकाळी तिला मैदानाच्या कडेनं तासभर चालवायचे. दोरी ताणली की मी जागच्या जागी उभी. पहिल्या दिवशी आम्ही तासाभरात कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत पोचलो, जे अंतर एरवी दोन मिनिटांचं आहे. चांभार म्हणाला, "कोण कोणाला फिरवतंय?" मी म्हटलं, "ठरायचंय." दुपारी चिंध्यांच्या ढिगात दाणे लपवून ठेवायचे आणि नाकानं शोधायला लावायचे. पळून दमत नाही एवढं कुत्रं नाक चालवून दमतं, हे मी भुंकणाऱ्याकडून शिकले होते.

तिसऱ्या आठवड्यात ती मशीन सुरू व्हायच्या आधीच गादीवर जायला लागली. पाचव्यात खाली पडलेलं काहीही तोंडात घेण्याआधी माझ्याकडे बघायला लागली. सहाव्यात एक गिऱ्हाईक पाऊणतास बसून गेलं आणि जाताना म्हणालं, "अरे, टेबलाखाली कुत्रं आहे?"

मी खूश होते. खोटं कशाला बोलू, जराशी फुगलेही होते.

ह्यांनी फोनवर तिचा व्हिडिओ काढला आणि शेल्टरला पाठवला. त्यात भिंगरी बसते, थांबते, येते, तोंडातली वस्तू सोडते, गादीवर जाऊन पडते. मशीनच्या खडखडाटात बाकी काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तो आवाज बंद करूनच लोकांना दाखवला. बरोबर एक छापील कागद भरून द्यायचा असतो. त्यावर 'कुत्र्याला येणारे शब्द' असं लिहिलेलं आणि खाली पाच रेघा. मी वळणदार अक्षरात भरला. बस. थांब. ये. सोड. जागेवर.

तिसरं घर मिळालं ते कंडक्टरांचं. शहराच्या बसवर अडतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, थोरल्या बहिणीबरोबर राहणारे. बहिणीला सगळे माई म्हणत. माई बारीक अंगाच्या, मनगट माझ्या कात्रीच्या दांड्याएवढं, आणि बोलणं मोजकं. कंडक्टर बोलायचे ते दोघांचं मिळून. आमच्याकडे तिला बघायला आले तेव्हा मी एक पडदा संपवत होते. ते बोलत होते, भिंगरी टेबलाखाली झोपली होती, माई तिच्याकडे बघत होत्या.

"मला पळणारं कुत्रं हवंय," कंडक्टर म्हणाले. "आयुष्यभर उभा राहिलो, पण गाडी चालत होती ना. आता घरात सगळं स्थिर. पाय विचारतात, पुढचा थांबा कुठला."

"माझे पाय काही विचारत नाहीत," माई म्हणाल्या. "मला पाडलं नाही म्हणजे झालं."

"पाडणार नाही," मी म्हणाले. माझं ते वाक्य मला नंतर बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

दहा दिवस चाचणीचे. दहाव्या दिवशी, रविवारी, डॉक्टरीणबाई त्यांच्या घरी जाऊन बघणार, सगळं ठीक असेल तर आम्ही सह्या करणार. नसेल तर मागची ओळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"ताई, शब्द संपले," कंडक्टर म्हणाले.

"कुठले शब्द?"

"तुमच्या कागदावरचे. पाचही वापरून झाले. दोन मी पदरचे घातले. ती माईची उशी तोंडात घेऊन पलंगावर उभी आहे आणि माझ्याकडे असं बघतेय की मीच काहीतरी चुकतोय."

मी फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते, पण झाला होता. दोन दिवस टेबलाखालची गादी रिकामी होती आणि मी चारदा सवयीनं पाय जपून टाकला होता. क्षणभर वाटलं, येऊ दे परत. मग पलीकडच्या खोलीतून ह्यांचा श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, आणि मागच्या ओळीतलं ते काळं कुत्रं आठवलं. मी चपला घालून निघाले.

मी गेले आणि भिंगरी माझ्यापुढे शहाण्यासारखी बसली. उशी सोडली, खाली उतरली, मी दाखवलेल्या कोपऱ्यात जाऊन पडली. कंडक्टर तोंडाचा आ करून बघत राहिले.

"नवं घर आहे, बावरलीय," मी सांगितलं. "आवाज चढवू नका. एकदाच सांगायचं, शांतपणे."

"मी अडतीस वर्षं शांतपणे काहीच सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पण बघतो."

मी घरी पोचते न पोचते तोच पुन्हा फोन. भिंगरी न्हाणीघरातून तिथली बादली घेऊन निघाली होती.

चौथ्या दिवशी फोन माईंचा आला. माई फोन करत नाहीत, म्हणून मी उभ्या उभ्याच घेतला.

"मला पाडलं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही. दाराची घंटा वाजली, ती धावली, मी मध्ये होते. कोपर सुजलंय. मोडलं नाही. कुत्री वाईट नाही हो, पण मी शहात्तरची आहे. उद्या परत नेऊन द्यावी म्हणते."

"मी आज येऊ?" मी विचारलं. "आज बघते. मग उद्याचं उद्या."

त्या म्हणाल्या, "या."

मी गेले तर माईंच्या कोपराला ओला रुमाल गुंडाळलेला. कंडक्टर खुर्चीत बसले होते आणि पहिल्यांदाच गप्प होते. मी भिंगरीला बसवलं. थांबवलं. बोलावलं. कोपऱ्यात पाठवलं. एकही चूक नाही. मला स्वतःचाच राग यायला लागला, कारण चूक झाली असती तर निदान दुरुस्त करता आली असती.

"पुन्हा करा," कंडक्टर म्हणाले. ते गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढे वाकून माझ्याकडे बघत होते. कुत्रीकडे नाही, माझ्याकडे.

मी पुन्हा केलं.

"ताई, आत्ता तुम्ही तिला काय म्हणालात?"

"बस म्हणाले."

"नाही म्हणालात."

"म्हणजे? तुमच्यासमोर म्हणाले की."

"तुम्ही तोंडच उघडलं नाही. माई, ह्या काही बोलल्या का?"

"नाही," माई म्हणाल्या. "हुंकार दिला, एवढा, ओठ मिटून. आणि पाय आपटला."

"मी पाय कशाला आपटीन?"

"तुमचं तुम्हाला माहीत," माई म्हणाल्या. "उजवा. टाच खाली ठेवून, पुढचा चवडा."

मला हे सगळं भलतंच वाटलं. मी म्हटलं, ठीक आहे, दाखवते. खुर्चीवर बसले, दोन्ही पाय उचलून दांडीवर ठेवले, हात मागे घेतले आणि तोंड चांगलं उघडून स्पष्ट म्हणाले, "भिंगरी, बस."

भिंगरीनं मान तिरकी केली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पाय जिथं असायला हवे होते त्या जमिनीकडे बघितलं. मग माझ्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून माझी हनुवटी चाटली.

"थांब," मी म्हटलं. "सोड. जागेवर." पाचही शब्द म्हणून झाले. तिच्या लेखी मी हवापाण्याबद्दल बोलत होते.

खोलीत कोणी हसलं नाही, हे त्या भावाबहिणीचं मोठेपण.

"माझा एक ड्रायव्हर होता," कंडक्टर हळूच म्हणाले. "बावीस वर्षं आम्ही एका गाडीवर. दोरीची घंटा असते ना, एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. एकदा दोरी तुटली, तर मी मागून ओरडलो, 'थांब.' अख्ख्या गाडीनं ऐकलं. गाडी दोन थांबे पुढे जाऊन उभी राहिली. मी त्याला म्हटलं, बहिरा झालास काय? तर म्हणाला, तू ओरडलास ते ऐकलं की, पण घंटा कुठं झाली?"

मी घरी परत आले तेव्हा हे नोकरीवरून येऊन वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"अहो, मी भिंगरीशी काय बोलायचे?"

"कधी?"

"शिकवताना. दुपारी."

"काही नाही. तुझ्या तोंडात टाचण्या असायच्या."

"पण बस, थांब, असं म्हणत असेनच ना."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, टाचण्या असताना तू गेल्या तीस वर्षांत एक शब्द बोललेली नाहीस. आखूड हुंकार दिलास की चहा ठेवायचा. लांब दिलास की आत्ता मध्ये बोलायचं नाही. दोन आखूड म्हणजे इकडे या, कापड धरा. हनुवटी खाली आणि घशातून एक, म्हणजे ते हातातलं जिथलं तिथं ठेवा. तू तिला काही नवीन शिकवलेलं नाहीस. मला शिकवलंस तेच तिला शिकवलंस. फक्त तिला दाणे मिळाले."

मी मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. मला वाटत होतं मी बोलते. डोक्यात 'बस' असायचं, म्हणून बाहेरही 'बस'च गेलं असं मी धरून चालले होते. आणि उजवा पाय पायडलवर होता, तो हुंकाराबरोबर आपसूक दाबला जायचा. कुत्री जे होतं ते शिकली. कागदावर मी जे नव्हतं ते लिहिलं. उसवून बघते म्हणणारी मी, स्वतःचीच शिलाई कधी उलटी करून पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना फोन करणं भाग होतं. दोनदा नंबर लावून बंद केला. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं.

"काकू, म्हणजे ते तुमच्या कागदावरचे पाच शब्द..."

"एकही येत नाही तिला. कागद चुकीचा आहे. चूक कुत्रीची नाही, कंडक्टरांची तर नाहीच. माझी आहे."

"आणि व्हिडिओ मी आवाज बंद करून दाखवला." त्यांनी सुस्कारा टाकला. "नियम मी नाही बदलू शकत. रविवारी येणार. माई हो म्हणाल्या तर हो, नाही म्हणाल्या तर नाही. त्या तोवर ठेवताहेत का तिला?"

ते मला विचारायचं होतं. माईंनी मला आधी दुसरंच विचारलं. "म्हणजे चार दिवस तिला आम्ही काय म्हणतोय ते कळतच नव्हतं?"

"नाही."

"आणि आम्ही रागावत होतो."

"हो."

"मग रविवारपर्यंत राहू दे," माई म्हणाल्या.

नवा कागद ह्यांनी लिहिला, कारण घरात जाणकार तेच होते. कुठला हुंकार किती लांब, पाय कधी, हनुवटी कधी. मग फोनवरून कंडक्टरांना शिकवणी दिली. संध्याकाळभर दोन थोराड बाप्ये एकमेकांना हुंकार देत होते. "नाही, नाही, तुमचा जास्त गोड होतोय," हे सांगत होते. "जरा वैतागल्यासारखा द्या. तोंडात टाचण्या आहेत आणि कोणीतरी चुकीचं कापड उचललंय, असं समजा." मध्येच ह्यांना खोकला आला, तर पलीकडून कंडक्टरांनी तोही करून बघितला.

पण हुंकारावर भागणार नव्हतं. माईंचा आवाज बारीक, घशातून काही निघायचं नाही, आणि पाय आपटायचं त्यांचं वय नव्हतं. त्यांना शब्दच हवे होते. तेव्हा ठरलं ते असं. आधी शब्द म्हणायचा, एक श्वास थांबायचं, मग हुंकार आणि पाय. शब्द माईंनी म्हणायचा, हुंकार कंडक्टरांनी द्यायचा. ती बसली की दाणा माईंच्या हातून. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी दहादा. कधीतरी ती हुंकाराची वाट न बघता शब्दावरच बसेल. मग कंडक्टरांनी गप्प राहायचं.

"हे शेवटचं अवघड आहे," माई म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट ठरली, ती मीच ठरवली. मी जायचं नाही. मी खोलीत असले की ती दुसऱ्या कोणाकडे बघतच नसे.

त्या दिवसांत मी एका शाळेचे चाळीस गणवेश शिवले. फोन वाजला की टाचण्या काढून बाजूला ठेवायचे, मगच घ्यायचे. पाचव्या दिवशी कंडक्टर म्हणाले, काही नाही. सहाव्या दिवशी म्हणाले, माईचा शब्द झाल्यावर ती आता माझ्या पायाकडे बघते. सातव्या दिवशी फोनच आला नाही, आणि मी एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. आठव्या दिवशी सकाळी माई बोलल्या. "आत्ता बसली. हा आंघोळीला गेला होता, मी सहज म्हटलं, तर बसली."

"शब्दावर?"

"घरात दुसरं कोणी नव्हतं," माई म्हणाल्या.

रविवारी हे बरोबर आले, पण छातीसाठी फाटकाबाहेरच उभे राहिले. डॉक्टरीणबाई आधीच आत होत्या. मी दारातून शिरले आणि भिंगरी माझ्यावर आली. पुढचे पाय माझ्या खांद्यांपर्यंत. तिच्या अंगाला आता दुसऱ्या साबणाचा वास होता. मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला महिना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ती खाली उतरली.

मला खुर्ची दिली. मी बसले, दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकवली, आणि हुंकार चुकून निघू नये म्हणून तोंड थोडं उघडं ठेवलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला दम लागलाय.

भिंगरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या उजव्या पायाकडे बघत राहिली. तिला तिथून काहीतरी कळायला हवं होतं. माझ्या पोटरीत गोळा यायला लागला.

"भिंगरी," माई म्हणाल्या. "जागेवर."

कंडक्टरांनी स्वतःचा ओठ दातांत धरला होता. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. भिंगरीनं माईंकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, मग परत माईंकडे. मी तिच्याकडे बघत नव्हते. मी माझ्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत होते आणि त्याला मनातल्या मनात सांगत होते, हलू नकोस.

मग नखांचा टकटक आवाज झाला. ती गेली. कपाटाशेजारच्या सतरंजीवर जाऊन एक गिरकी घेतली आणि पडली. माईंनी उठून दाणा दिला. मध्ये एकदा ती उठू पाहत होती, माईंनी तोच शब्द पुन्हा म्हटला, ती परत पडली. सगळं काही सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. 'सोड' तिला अजून नुसत्या शब्दानं येत नव्हतं, तिथं कंडक्टरांना घशातून एक द्यावा लागला.

"माई, तुमचं काय म्हणणं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "परत न्यायची असेल तर आजच सांगा. पुढे मला अवघड जाईल."

"परत कशाला?" माई म्हणाल्या. "आत्ता कुठं ती ऐकायला लागली. या घरात माझं ऐकणारं दुसरं आहे कोण?"

"मी ऐकतो की," कंडक्टर म्हणाले.

"तू बोलतोस."

सह्या झाल्या. आधी माईंची, मग कंडक्टरांची, शेवटी माझी, जिथं 'तात्पुरते सांभाळणारे' असं छापलेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढून माझ्या हातात दिला, मी तो दुमडून पिशवीत टाकला. "दोन महिने इकडे फिरकू नका, काकू," त्या म्हणाल्या. "ती पक्की होऊ दे त्यांच्याकडे." मी हो म्हटलं. तोंड उघडून, स्पष्ट.

मी उठले तेव्हा सतरंजीवर शेपूट दोनदा आपटलं, पण ती उठली नाही. माईंनी अजून तिला जागेवरून सोडलं नव्हतं. माईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी तिला सोडायच्या आत मला फाटकाबाहेर पडायचं होतं. मी कोणाला जाते म्हणाले नाही. पायरीवर चपला सरकवल्या, अंगण ओलांडलं. फाटकाची कडी जुनी होती, खडखडणारी. ती आवाज न करता लावायला मला दोन्ही हात लागले.